आमच्याच घरी खोली शिल्लक नाही

ती. आत्यास,

बसल्या बाकावरून जेवढं वाकता येईल तेवढं वाकून नमस्कार. तुझी नवी कवळी बसली का, की अजून वाटीतच आहे? रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेतेस ना? मी मजेत आहे. म्हणजे तब्येतीने मजेत. बाकी तुझ्या लाडक्या भाचेसुनेने, म्हणजे माझ्या बायकोने, मला घरात घ्यायला नकार दिला आहे, हे वरच्या मजल्यावरून तुझ्या कानावर आलंच असेल. तिची बाजू तू ऐकली असशील. आता माझी ऐक, आणि ऐकताना मध्ये डुलकी काढू नकोस.

बाटल्यांना लेबलं चिकटवणारी यंत्रं दुरुस्त करणं हे माझं काम, तुला माहीतच आहे. जगाच्या पाठीवर कुठेही लेबल वाकडं लागायला लागलं की मालकाचं तोंड त्याहून वाकडं होतं आणि कंपनी मला विमानात कोंबते. लोक म्हणतात, नशीबवान आहेस, जग बघतोस. अगं कसलं जग! मी कारखाने बघतो. पण कारखान्यातून खोलीवर येताना मधे जो थोडा वेळ मिळतो ना, तो मात्र माझा. तेव्हा मी उगाच चालत राहतो. कुठलीतरी गल्ली, दोन्हीकडे उजळलेल्या खिडक्या. एका खिडकीत कुणी भांडी पुसतंय, दुसरीत एक म्हातारा मांजराला काहीतरी समजावून सांगतोय. भाषा कळत नाही, त्यामुळे सगळेच प्रेमळ वाटतात. (भांडत असले तरी आपल्याला काय कळतंय!) आता इतकी शहरं झाली आहेत की ती माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळली. एका शहराचा पूल उतरलो की दुसऱ्याच शहराचा भाजीबाजार लागतो, त्यातून बाहेर पडलो की तिसऱ्याचं तळं, आणि तळ्याला वळसा घातला की आता आपलं घर दिसणार असं दर वेळी वाटतं. दिसतं ते हॉटेल.

आणि सीमा! लहानपणी नकाशा बघून मला वाटायचं, तिथे जमिनीवर चांगली जाड रेघ ओढलेली असेल. कसली रेघ न् कसलं काय. आगगाडी शेतातून जात असते, डोळा लागतो, जाग येते तेव्हा तेच शेत, तशाच गायी, फक्त आपलं घड्याळ चुकलेलं असतं आणि खिशातली नाणी चालेनाशी होतात. मग काचेमागचा अधिकारी पासपोर्टातला फोटो बघतो, मला बघतो, परत फोटो बघतो. त्या फोटोत मला मिशी आहे आणि नुकताच कुणीतरी अपमान केल्यासारखा चेहरा आहे. मिशी आता ऐन वेळी आणणार कुठून, म्हणून मी निदान अपमान झाल्यासारखा चेहरा करतो. गेल्या फेरीत तो इतका छान जमला की अधिकारी बिचारा पाण्याचा पेला घेऊन बाहेर आला. मागची सगळी रांग माझ्या नावाने खडे फोडत होती. कुठून आलात, कशासाठी आलात, मुक्काम किती, याची उत्तरं मी आता झोपेतही देतो. हॉटेलातून निघतानाचं बोलणंही तसंच तोंडात बसलंय. तिथेच घात झाला.

मागे दोन दौऱ्यांच्या मध्ये मी घरी होतो. निघायच्या दिवशी डोळे अर्धे मिटलेले, खाली टॅक्सीवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. मी सवयीने चादरीची घडी घातली, ओले टॉवेल बाथरूमच्या कोपऱ्यात ढीग करून ठेवले आणि बॅग ओढत दाराशी आलो. दारात बायको उभी. मी खिशातून घराची किल्ली काढली, तिच्या हातावर ठेवली, किंचित झुकलो आणि म्हणालो, "सोय उत्तम होती. पुन्हा या बाजूला आलो तर इथेच उतरेन." खोटं नाही सांगत आत्या, विमान उडेपर्यंत काही चुकलंय असं मला वाटलंसुद्धा नाही.

पोचल्याचं कळवलं. उत्तर आलं, "आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत." म्हटलं, थट्टा करतेय. जेवलीस का विचारलं, तर "स्वयंपाकघर पाहुण्यांसाठी बंद आहे." परतायची तारीख कळवली, तर "त्या तारखेला खोली शिल्लक नाही. क्षमस्व." अगं, आमच्याच घरात! फोन केला की गोड आवाजात "आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" म्हणते आणि ठेवून देते. ती ओरडली असती तर मी निस्तरलं असतं, तिच्या ओरडण्याची मला सवय आहे. हा गोडवा मला सोसत नाही. खरंच सांगतो, मला भीती वाटते. ती आता मला घरात घेणारच नाही की काय, या विचारात मी परवा एका कारखान्याची सगळी लेबलं उलटी लावून आलो.

तर एवढंच. तशी काळजी करू नकोस. मी काही कुणापुढे हात जोडणाऱ्यातला नाही. जग मोठं आहे, एक खोली नाही मिळाली तर दुसरी मिळेल.

पायाला भिंगरी लागलेला,
तुझा भाचा

ता. क. : जरा वर जाऊन तिला भेट ना गं. तुझं ती ऐकते. फिरतीचं काम सोडून मी इथल्याच कारखान्यातलं मागून घेतलंय आणि ते मिळालंय, हेही सांग. (मी सांगायला गेलो की माझा फोन महत्त्वाचा होतो.)

ता. क. २ : पत्रावर तिकीट नाही हे तू पाहिलंच असशील. मी खाली लाँड्रीत बसलोय, सकाळपासून. लाँड्रीवाल्याने तुझ्या चादरींवर ठेवून हे पाठवलंय. आमच्या दारापर्यंत गेलो होतो. आत ती रेडिओबरोबर गुणगुणत होती. माझ्याशिवाय इतकं छान गुणगुणतेय हे ऐकून बेल वाजवायचा धीर झाला नाही.

ता. क. ३ : एक गोष्ट वर लिहिली नाही. किल्ली घेतल्यावर ती हळूच म्हणाली होती, "तुझं काही राहिलं नाही ना इथे?" आणि मी सवयीने सगळीकडे नजर फिरवली, पलंगाखाली, खुर्चीमागे, तिच्या चेहऱ्यावरूनही, आणि म्हणालो, "नाही, काही नाही." ते उत्तर चुकलं, एवढं तिला सांग. बाकी काही नाही सांगितलंस तरी चालेल. आणि जिना चढताना चप्पल जरा वाजवत जा, म्हणजे मला इथे ऐकू येईल.