दिगूची जागा

४ मे
टिटवीनं अंडी घातली. दिगूच्या जागेला अगदी लागून. घरटं म्हणावं तर काही नाही, चार खडे इकडचे तिकडं केलेत नि बाई बसलीय भर उन्हात. रोजच्यासारखी सकाळी गेले तर अंगावरच आली. डोक्यावर घिरट्या नि नुसता आरडाओरडा. म्हटलं ओरड. तुझं वर आहे, माझं खाली आहे, जागा काय तुझ्या एकटीची न्हाय.
दिगू गोवरानं गेला त्याला दोन महिने झाले. अजून सकाळी उठल्यावर आधी पाळण्याकडं बघते.
ह्यांना टिटवीचं सांगितलं. "हं" म्हणाले. दिवसभर तलावाच्या पट्टीवर पाणी किती ते बघायचं नि घरी येऊन बायकोला हं.

९ मे
वस्तीवरची गणूमामी ताक घेऊन आली. चौकीला शेजार असा तिचाच, बाकी सगळं माळरान. टिटवीचं ऐकलं नि तांब्या तसाच खाली ठेवून म्हणाली, "दाव बरं मला." पदर खोचून निघालीच. लांबूनच बघितलं, हात जोडले.
"मालन, टिटवीला समदं कळतंय. जितवर पाणी येणार तितं ती अंडी घालीत न्हाय. तुझ्या लेकराच्या जागंला पाणी लागायचं न्हाय. निवांत ऱ्हा."
पाण्याचं माझ्या मनातही नव्हतं. पाणी आहे कुठं? बांधल्यापासून तीन वर्षांत हा तलाव एकदा भरला नाही. मधे डबकं, त्यात म्हशी, म्हशींवर बगळे. पण मामी बोलून गेली नि माझ्या डोक्यात भुंगा लागला.
"तिथवर पाणी येतं का हो?" ह्यांना विचारलं.
"वाढ आता, भूक लागलीय."

१६ मे
दिवस कलताना काळवीट आला पाण्यावर. मागं माद्या, एक पाडस. आधी तो पाणी प्याला नाही, मान वर करून चौकीकडंच बघत होता. मी खांबाआड उभी. पाडस गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलं नि आईनं ढुशी देऊन काढलं.
दिगूला दाखवावं म्हणून मागं वळले सुद्धा. मग तिथंच खाली बसले.
त्याला अजून नावं येत नव्हती. बैल, कुत्रं, कावळा, गणूमामा, सगळ्यांना "भू". काळविटालाही भूच म्हणाला असता.

२३ मे
ईटच्या बाजारात कासारणीनं लांबूनच हाक मारली, "लेकरू कुटं ठिवलं आज?" मी म्हटलं, घरी आहे. असं का म्हटलं देव जाणे. तिनं त्याच्यासाठी काळे मणी दिले, पैसे घेईना. येताना गाडीत रडले. हे बैलांशी बोलत राहिले, हो हो, चल राजा. बैलांशी बरं बोलता येतं.

२ जून
पिल्लं निघाली! दुपारपर्यंत पळायला सुद्धा लागली. काडीसारखे पाय, खड्यात बसली की दिसत नाहीत. आमच्या दिगूनं चालायला वर्ष लावलं, तेही भिंत धरून.
कावळा टपला होता. दगड मारला, म्हटलं काळं तोंड कर इथनं. मग माझं मलाच हसू आलं, त्याचं आहेच की काळं. दिगू गेल्यापासून आज पहिल्यांदा हसले असेन. लगेच इतकं वाईट वाटलं.

८ जून
लिहू का नको करत बसले होते. लिहिते.
साहेब तपासणीला येणार म्हणून हे सकाळपासून चुन्याची बादली घेऊन दगड रंगवत होते. तलाव पूर्ण भरला की पाणी जिथवर येणार, त्या रेघेवर चहूकडं दगड पुरलेत. गवतात असतात, मी कधी नीट पाहिले नव्हते. भाकरी घेऊन गेले तर रंगवत रंगवत आपल्या बाजूला आलेले. दिगूच्या जागेपाशी आले नि ती ओलांडून चढणीला लागले. पुढचा पांढरा दगड तिच्या वर. चांगला वर.
दिगूची जागा आत आहे. पाण्याच्या आत.
"हे काय हो?"
कुंचला हातातच. "वर सगळा कातळ आहे, मालन. पहार लागंना. मी नि गणूमामा दोघंच. दिवस बुडत आला होता. इथं गाळ होता, मऊ..."
"तुम्हाला ठाऊक होतं."
"वाटलं, तलाव कुठं भरतोय."
मातीला बायकांनी जायचं नसतं म्हणून मी त्या दिवशी घरात बसले. गेले असते तर नखांनी कातळ उकरला असता. भाकरी तिथंच ठेवून आले. त्यांनी खाल्ली नाही, कुत्र्यानं खाल्ली.

११ जून
तीन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. आज एकच बोलले, "त्याला वर आणा."
"बरं," म्हणाले. वाद नाही, काही नाही. पहार घेऊन गेले.

१४ जून
ठण ठण ठण. दिवसभर. चौकीत ऐकू येतं. आवाजानं खंड्या सुद्धा पट्टीच्या खांबावर बसेनासा झालाय.
ढग येतात, जातात. गावातली माणसं वर बघून हात जोडतात. मीही वर बघते नि म्हणते, येऊ नको. सगळा गाव एकीकडं नि मी एकटी एकीकडं. पाप लागत असेल तर लागो.

१७ जून
मामी आली. "मालन, ठिवलेलं उकरू नगं. माती झाल्याली आसती. बघवायचं न्हाय तुला."
मी तडकले. "तुमचं असतं तर कळलं असतं."
मामीनं वस्तीकडं हात केला. मग म्हणाली, "माजी दोन हायती. त्या बाभळीखाली."
त्या बाभळीखाली तिची शेळी बांधलेली असते. तीन वर्षं मी तिथनं ये-जा करते. मामीनं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. पाय धरावेत असं वाटलं. धरले नाहीत. चहा केला, तो तिनं घेतला.

२६ जून
खड्डा झाला. लहानसाच आहे. ह्यांच्या हाताची सालटी निघालीत, तेल-हळद लावली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हात धरला त्यांचा. दोघांनीही वर बघितलं नाही.
उद्या.

२७ जून
हे सकाळी गेले. ऊन चढलं तरी येईनात. बघते तर जागेपाशी उकिडवे बसलेत, खोरं बाजूला.
"होत न्हाय माझ्यानं."
मी नको नको ते बोलले. ठेवताना बरं झालं, काढताना होत नाही? बापाचं काळीज का दगड? सगळा माळ ऐकत असेल. ते उठून गेले. मग खोरं मी घेतलं.
जनावरानं उकरू नये म्हणून वर दगड रचलेत. पहिला उचलला. खाली ओल होती नि बेडकाचं एवढंसं पिल्लू, नखाएवढं. ते हललं सुद्धा नाही, माझ्याकडं बघत राहिलं. दगड हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. मग परत ठेवला, हळू, त्याला लागू नये असा.
माझ्यानंही होत नाही. घरी येऊन ह्यांना तसं सांगितलं. ते चूल पेटवत बसले होते, त्यांना पेटवता येत नाही, सगळीकडं धूर.

१९ जुलै
पाऊस बरा आहे. वर कातळात खणलेला तो खड्डा पाण्यानं भरलाय. आज गेले तर त्यात बेडूकमासे वळवळतायत. एवढी मेहनत केली ती बेडकांसाठी. बुजवा म्हटलं तर हे म्हणाले, पाणी आटू दे, पाय फुटले की जातील ते. बरं म्हटलं.

१२ ऑगस्ट
पाणी चढतंय. रोज काठ वेगळा. काल जिथं कपडे धुतले तो धोंडा आज दिसत नाही. पाणकावळे आलेत, पंख पसरून वाळवत बसतात, वलणीवर सदरे टाकावेत तसे. पाणदिवड दारापर्यंत आली. खेकडा तर न्हाणीत निघाला. मी किंचाळले, हे धावत आले नि दोघंही हसलो. मग आपापल्या कामाला लागलो.
रोज जाऊन बघते. अजून लांब आहे. आज उगाच काठावर काडी रोवून आले. काय करणार काडी?

३० ऑगस्ट
काडी पाण्यात.
गावातली माणसं बघायला येतात, बांधावर पेढे वाटले. मला एकानं पेढा दिला, "वहिनी, ह्या साली भरतोय बघा." घेतला. तोंडात घोळवला, गिळवेना. कुणावर रागावू? त्यांची ज्वारी दोन साल करपली. त्यांच्या घरीही लेकरं आहेत, जिवंत. हो, लिहिलंच मी. जिवंत.

७ सप्टेंबर
पाऊस रात्रभर लागून राहिला. उजाडताच हे म्हणाले, "चल." कुठं ते विचारलं नाही. दोघांनी मोठाले दगड वाहून आणले नि जागेवर रचले, लाटेनं माती सुटू नये म्हणून. भिजून चिंब. पाणी चार हातांवर आलेलं, गढूळ, त्यात काड्या, मुंगळे, मेलेला टोळ.
मी विचारलं, "पुन्हा उघडं पडेल ना?"
"उन्हाळ्यात. ज्वारीला पाणी सुटलं की उतरतं."
"नक्की?"
"गाळ किती बसतो त्यावर आहे."
खोटं बोलले असते तरी चाललं असतं. ह्या माणसाला वेळेला खोटं बोलता येत नाही, नि खरं बोलायचं तेव्हा बोलला नाही.

११ सप्टेंबर
आज लागलं. आधी खालच्या अंगाच्या दगडाला. एक लाट, मग मागं, मग परत. मी तिथंच बसून राहिले. दुपारी गेलं वरनं.
आता नुसतं पाणी आहे. बघणाऱ्याला काही कळायचं नाही.
हे संध्याकाळी पट्टी बघून आले, आकडा सांगितला नाही. नेहमी सांगतात.

१५ सप्टेंबर
बदकाची जोडी, मागं पिल्लांची रांग. बरोबर तिथनं पोहत गेली. वरनं. मी ओरडून हाकलली त्यांना, येड्यासारखी. पिल्लं घाबरून पांगली, आई त्यांना गोळा करत फिरत होती. मग इतकी लाज वाटली. त्यांना काय ठाऊक?

१८ सप्टेंबर
गावातल्या बाया आल्या. सांडव्यावरनं पाणी पडलं की तलावातल्या जलदेवीची ओटी भरायची, नि पहिली ओटी चौकीवालीची. मान माझा म्हणे. खण, नारळ, तांदूळ सगळं आधीच घेऊन आल्या. मामीही त्यांच्यात.
मी दारातनंच सांगितलं, "मी नाही येणार. माझ्या लेकराला गिळलं तिनं नि मी तिची ओटी भरू?"
एक म्हातारी रडायलाच लागली. मामी पुढं झाली.
"लेकरू तिच्या पोटात हाय आता, मालन. तिला रागं भरून काय व्हायचं? वटी भर नि सांग तिला, सांभाळ म्हनावं."
"माझ्यापेक्षा ती चांगली सांभाळील का?" मी ओरडले. नि दार लावून घेतलं.
मामीचं बोलणं मला पटलं नाही. अजून पटत नाही. सांभाळायला ती कोण? मी होते की सांभाळायला.
बाया गेल्या. खण नारळ उंबऱ्यावर ठेवून गेल्या. हे आत घेऊन आले, कोनाड्यात ठेवले. "तू आली नाहीस तर त्या थांबतील म्हणाल्या," एवढंच बोलले. मी म्हटलं, थांबू दे वर्षभर.

२४ सप्टेंबर
सांडवा सुरू झाला. चौकीत बसून आवाज येतो. गावात हलगी वाजतेय.
सकाळी हे सांडव्यावर गेले तशी मी निघाले. मामी, ओटी, कुणाचं काही मनात नव्हतं. काठ आता चुन्याच्या दगडांशी आलाय. तिथं बसले. पाणी थोडं निवळलंय. समोर चक्रवाकांची जोडी उतरली होती, ह्या साली लवकर आली. एक इकडं एक तिकडं, आवाज देत होती. मी काही त्यांना हाकललं नाही.
मग पाण्यात हात घातला. कोपरापर्यंत.
गार होतं. लई गार.
दिगूला कधी गार पाण्यानं आंघोळ घातली नाही. एकदा बंबात लाकडं नव्हती म्हणून नुसतं कोमट घातलं तर अंग काढून घेऊन असा ओरडला, असा ओरडला, की हे बांधावरनं पळत आले. त्या दिवशी मला बोलले होते, लेकराला गार पाणी घालतेस होय?
हात बाहेर काढवेना. बोटं बधिर झाली तरी तसाच ठेवला. तिला म्हटलं, अगं, ह्याला सोसत नाही गार. एवढंच म्हटलं. अजून बरंच सुनवायचं ठरवून गेले होते, आयुष्यभराच्या शिव्या गोळा केल्या होत्या, पण तेवढंच तोंडातनं आलं.
उद्या बाया परत येणार आहेत. खण कोनाड्यात आहे. ह्यांनी संध्याकाळी विचारलं, "काय करणार?" मी चुलीवर पाणी ठेवलं होतं, ते उकळायला लागलं होतं. अजून काही सांगितलं नाही त्यांना.