फ्रीजरमधल्या न्याहारीची हकीकत, आईला वाचून न दाखवण्याच्या अटीवर

निजामपुरा, भिवंडी
रविवार, १० डिसेंबर २००६

तीर्थस्वरूप हौसाताई,

तुला आणि रामनाथभावोजींना माझा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत, भाताची झोडणी उरकली का आणि गाय व्याली का, हे तिन्ही प्रश्न मी फोनवर विचारले असते. पण हल्ली तुझ्याकडे फोन लावला की तो आईच उचलते, "बरा हाय सगला, ठेव," म्हणते आणि स्वतःच ठेवून देते. म्हणून हे पत्र. भावोजी उद्या बाजाराला येतील तेव्हा त्यांच्या खिशात घालीन. एकटी असताना वाच. आम्ही इकडे सर्व मजेत आहोत. (हे वाक्य लिहून मी बराच वेळ थांबलो. "सर्व" खोडावे असे वाटले. मग वाटले, खोडलेला शब्द माणूस जास्त लक्ष देऊन वाचतो. राहू दिला आहे.)

आई तुझ्याकडे "चार दीस" म्हणून आली त्याला आज दोन आठवडे झाले. तिने तुला काय सांगितले ते मला माहीत नाही. बहुधा काहीच नाही, आणि तेच मला जास्त लागते. मी माझी बाजू मांडतो आहे असे समजू नकोस. रोजच्या वहीत लिहिलेले आहे तेच क्रमाने उतरवतो. चूक कुठे झाली ते तुला दिसले तर कळव, कारण मला एकाच ठिकाणी दिसत नाही, पुष्कळ ठिकाणी दिसते.

दिवाळीनंतर आईचा मोतीबिंदू काढला हे तुला ठाऊकच आहे. डॉक्टरांनी महिनाभर चुलीच्या, गॅसच्या आचेपाशी जायचे नाही असे सांगितले. त्याच सुमारास कमळला पूर्ण्याच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगचे काम लागले, आणि तिची कंपनीची गाडी पावणेसहाला नाक्यावर येते. मुलांची शाळा सातची. म्हणजे पहाटे आई ज्या भाकऱ्या थापायची आणि ज्या चहात बुडवून ऋतिका आणि भाविक घराबाहेर पडायचे, त्या थापायला घरात उरलो मी. मी बी.कॉम. आहे. तांदळाची उकड काढून तिची भाकरी हातावर फिरवणे हा विषय आम्हाला नव्हता. पहिल्या दिवशी मुले बिस्किटे खाऊन गेली, दुसऱ्या दिवशीही, आणि तिसऱ्या दिवशी भाविकला प्रार्थनेच्या रांगेत चक्कर आली. शाळेतून निरोप आला की मुलाला उपाशी पाठवू नका. त्या दिवशी मी वहीत फक्त तारीख लिहिली आहे.

म्हणून मी योजना केली. एका पुरवणीत वाचले होते की रविवारी एकदाच बसून आठवड्याची न्याहारी करावी, गोठवून ठेवावी आणि सकाळी नुसती तव्यावर टाकावी. खर्चही फार नाही: बटाटा, मेथी, कणीक, घरचेच तांदूळ. कमळ म्हणाली, करा, पण भांडी तुम्हीच घासा. मी चाळीस पराठे लाटले (मोजून घेतले, कारण आकार पाहून ते पराठे आहेत असे कोणी म्हटले नसते) आणि बावीस इडल्या केल्या. आमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मालाच्या प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी असते: माल काय, नग किती, आला कधी. तशाच चिठ्ठ्या मी पुड्यांवर चिकटवल्या. आणि आधी आलेला माल आधी बाहेर, हा आमचा नियमही लावला. नियम चांगला आहे. फक्त आपला फ्रीजर चपलांच्या खोक्याएवढा असल्यामुळे आधी आलेला माल नेमका सर्वांत मागे असतो, आणि तो काढायला पहाटे सगळा माल ओट्यावर उतरवावा लागतो. शिवाय दोन पराठ्यांमध्ये प्लास्टिक घालायचे असते हे पुरवणीच्या पुढच्या पानावर होते. ते पान मी मेथी निवडायला घेतले होते. सोमवारी पुडा उघडला तर आत बारा पराठ्यांचा एकच दगड. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो तेव्हा कमळ गाडीसाठी चप्पल घालत होती. "अहो, स्क्रू कुठं दिसतोय का तुम्हाला त्याला?" एवढेच म्हणाली आणि गेली.

आई हे सगळे डोळ्यांवरच्या काळ्या चष्म्यातून पाहत असे. तिला योजना पटली नाही. मी तिला शांतपणे सांगितले की आपण जन्मभर सकाळी रात्रीची भाकरी चहाबरोबर खात आलो, मग हे शिळे तेवढे वाईट कसे? तिने विचार केला (ती खरोखर विचार करते, आपल्यासारखी नुसती थांबत नाही) आणि म्हणाली, "शिला खाल्ला तरी चालतंय रं. पर जेवनाला थंडी वाजाया नको."

दुसऱ्या आठवड्यात वीज गेली. इथे वीज गेलेली डोळ्यांना आधी कळत नाही, कानांना कळते. गल्लीतले सगळे कापडाचे लूम एकदम थांबतात आणि माणूस दचकून इकडेतिकडे पाहतो. रविवारच होता, सकाळी नऊला गेली ती तीन वाजले तरी नाही. फ्रीजरखाली पाणी आले. एकदा वितळलेले पुन्हा गोठवू नये असे पुरवणीत होते, आणि मुलांच्या पोटाशी मी खेळणार नव्हतो. म्हणून सगळे भाजून काढले आणि लूम बंद म्हणून समोरच्या ओट्यावर बसलेल्या कारागिरांना परातीतून नेऊन वाटले. त्यांच्यातला वयस्क अन्सारी उभा राहून अदबीने म्हणाला, "भाईसाहब, किसी का चालीसवाँ है क्या?" मी म्हणालो, नाही हो, कोणी गेलेले नाही, बत्ती गई. त्याने एक घास खाल्ला. "नमक भूल गईं भाभी," म्हणाला. मी भाभीचा बचाव केला नाही. हे वहीत लिहिले आहे, कमळला अजून सांगितलेले नाही.

मग मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आला. आईने त्याआधीच फ्रीजरमधली कोळंबी संपवून टाकली होती, पण वास संपवता येत नाही. घरात उपवास, देवीपुढे घट मांडलेला, आणि तव्यावर माझ्या मेथीच्या पराठ्याला कोळंबीचा वास सुटलेला. आई देव्हाऱ्यापुढून उठली, खिडकी उघडली आणि परत बसली. मला त्या उघडलेल्या खिडकीची इतकी लाज वाटली की शनिवारी मी फ्रीजर सोड्याच्या पाण्याने धुतला, प्लास्टिक कापून ठेवले, मीठ दोनदा चाखले आणि योजना खऱ्या अर्थाने उभी केली.

आणि ताई, जे सांगायचे होते ते इथे आले. त्याच शनिवारी डॉक्टरांची मुदत संपली. आईने चष्मा काढला, परात घेतली आणि विचारले, पीठ कुठल्या डब्यात ठेवलंस? मी हातातला भरलेला ट्रे दाखवून म्हणालो, "आई, आता तुला पहाटे उठायची गरजच नाही." चांगल्या मनाने म्हणालो. पुन्हा पुन्हा आठवून पाहिले, मन चांगलेच होते. पण ट्रे हातात होता, आणि मला वाटते आवाजात थोडी ऐटही होती. सत्तर वर्षांच्या बाईला तिच्याच स्वयंपाकघरात उभे राहून गरज नाही असे सांगितले मी. तिने परात जागेवर ठेवली. म्हणाली, "मंग हौसाकडं जाते चार दीस." रविवारी सकाळी मी बटाटे घेऊन बाजारातून आलो तेव्हा तिची पिशवी भरलेली होती.

योजना मात्र यशस्वी झाली आहे, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आई गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मुलांची कुरकुर थांबली. सहाला नळ येतो, मी पराठे ताटात वाढून हंडे घेऊन खाली जातो, आणि वर येईपर्यंत ताटे स्वच्छ असतात. सलग बारा दिवस. अन्सारीसुद्धा परवा जिन्यापाशी भेटला आणि आपणहून म्हणाला, "अब नमक बराबर है." (मधल्या काळात मी त्याला काही दिलेले नसताना हे त्याला कसे कळले, ते मला कळले नाही. पण कौतुकाची चौकशी करू नये.) तेव्हा आईला इतकेच सांग की इकडे काळजीचे कारण नाही, मुले पोटभर खाऊन जातात, तिने हवे तितके दिवस राहावे.

तुझा धाकटा भाऊ,
केसरीनाथ

ता. क. पत्र इथे संपले होते. ऋतिकाला शुद्धलेखन तपासायला दिले. "सलग बारा दिवस"पाशी ती थांबली आणि तिने भाविकला हाक मारली. मग दोघांनी मिळून मला फ्रीजरपाशी नेले. सर्वांत मागे एक पिशवी आहे, तिच्यावर माझ्यासारखीच चिठ्ठी: "निवट्या. नग १२. मार्गशीर्षानंतर." अक्षर ऋतिकाचे. मी ती रोज पाहत होतो आणि खाडीची मासळी महिनाभर वर्ज्य म्हणून रोज तिला हात न लावता बाजूला सारत होतो. आत निवट्या कधीच नव्हत्या. आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बारा भाकऱ्या होत्या. त्या रविवारी मी बाजारात असताना तिने थापल्या, थंडी वाजण्याबद्दल एक शब्द न काढता फ्रीजरमध्ये ठेवल्या, आणि मुलांना सांगितले, "पप्पाला सांगू नको, त्याला वाईट वाटंल." रोज एक, अर्धी-अर्धी, पाण्याचा हात लावून तव्यावर. माझे पराठे भाविक अन्सारीला देऊन येत असे. शेवटची भाकरी काल संपली.

ता. क. २. वरचे "हवे तितके दिवस राहावे" हे वाक्य खोडले आहे असे समज. पत्र पुन्हा लिहायला हवे होते, पण मग पहिले कसे होते ते लपवल्यासारखे झाले असते. आईला भाकऱ्या संपल्या म्हणून बोलावतो आहे असेही सांगू नकोस. ते खोटे नाही, पण अपुरे आहे, आणि ती लगेच पीठ कुठल्या डब्यात आहे ते विचारील. (होते तिथेच आहे.) मी येत्या रविवारी स्वतः तुमच्याकडे दिघाशीला येतो. ट्रे आणणार नाही.

ता. क. ३. ती विचारील, कशाला येतोस? तर एवढेच सांग: पिशवी रिकामी आणि चिठ्ठी निवट्यांची, हे आमच्या धंद्यात चालत नाही. मार्गशीर्ष वीस तारखेला संपतो. बारा निवट्या मी बाजारातून आणीन, पण राख लावून त्या साफ कशा करायच्या हे कुठल्याच पुरवणीत आलेले नाही.