मेणाचं फडकं

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,

ताईचे अ. उ. आ. फोनवर तू नुसतं हं हं करतोस आणि मागे तुझ्या दुकानातलं चष्म्याच्या काचा घासायचं चाक घरघरतं, म्हणून कागद घेतला. चुका मोजू नकोस. चौथीत माझी शाळा सुटली ती कुणाला शाळेत धाडायला, हे तुला ठाऊक आहे.

आमच्या बटणांच्या कारखान्यात सासू आली आहे. म्हणजे कॅमेरा, नाव मी ठेवलं. पट्ट्यावरून बटणं पळतात, ही वरून बघते आणि खोट दिसली की वाऱ्याची फुंकर मारून बटण बाहेर उडवते. बावीस वर्षं हे काम आम्ही डोळ्यांनी केलं. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणाले की हिचा डोळा एक दिवस मीच फोडीन. यंत्र बसवणारा आमचा फिटर हसला. त्याला काय, यंत्र आलं की त्याची कॉलर ताठ.

पण मालकांचंही खोटं नाही. परदेशातून बटणं येतात ती आमच्याहून स्वस्त आणि हजारात एखाददुसरंच वाईट. कोट शिवणारी कंपनी आमचं मोठं गिऱ्हाईक. त्यांची माणसं एकोणीस तारखेला येऊन समोर माल तपासणार. जमलं तर काम इथं राहील. नाही तर मालक बाहेरची बटणं आणून नुसती विकणार. कारखान्याचं गोदाम झालं की आम्ही चौदा बायका कुणाला हव्यात?

आणि सासूचं बिनसलं आहे. पहिले दोन दिवस शहाण्यासारखी वागली, मग रोज थोडी थोडी बिघडत गेली. आता निम्मी चांगली बटणंसुद्धा फुंकून टाकते. फिटरने दिवे बदलले, पट्टा आवळला. डोळा तर चकचकीत आहे. तो मीच रोज सकाळी पुसते, टेबलाची काच, भिंतीवरचं घड्याळ पुसते तसा. तोंडाने शिव्या देईन, पण मळकी काच मला बघवत नाही.

कुणी यायच्या आत मी पोचते. छपराच्या काचेतून ऊन उतरत असतं, हवेत मेणाचा वास, पॉलिशचं पिंप सावकाश फिरतं आणि आत बटणं सरसरतात, वाळूवरून पाणी ओसरावं तशी. काल तिथंच बसल्या बसल्या डोळा लागला. स्वप्नात मी बटणाएवढी झाले होते, पट्ट्यावर पडून चालले होते. वरून सासू बघत होती, पण तिला मी दिसतच नव्हते. आमच्या मध्ये दुधासारखं धुकं. अगं बाई, मी चांगली आहे, असं मी ओरडून सांगत होते, तेवढ्यात तिने फुंकर मारली. उडताना काही दुखलं नाही रे. नुसतं हलकं वाटलं. जागी झाले तर गाल ओले. हे कुणाला सांगितलंस तर बघ.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. लोभ आहेच, तो कमी करायचा असेल तर आधी कळव.

तुझी ताई


ता. ९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र दुकानात उभ्यानेच वाचलं, गिऱ्हाईक ताटकळलं. चूक एकही मोजली नाही. पण तुझं ते धुकं वाचलं आणि हातातली काच खाली ठेवली.

सासूचा डोळा तू कशाने पुसतेस? बटणांना शेवटचा हात देता त्याच मेणाच्या फडक्याने ना? माझ्या लग्नाच्या दिवशी तू माझा चष्मा त्याच फडक्याने पुसून दिला होतास. नवरी मला धुक्यातूनच दिसली. मी डोळे चोळत होतो, आणि तू सगळ्यांना सांगत सुटलीस की धाकट्याला भरून आलंय.

मेण चमकतं, पण काचेवर त्याचा थर बसतो, रोज एक. माणूस डोळे बारीक करून भागवतो, कॅमेऱ्याला ते जमत नाही. सोबत बाटली आणि दोन कोरडी फडकी पाठवतो आहे. आधी हात साबणाने धू. दोन थेंब टाकून मधून कडेकडे हलकं पुस. मुकाट्याने पुसलंस तरी काम होईल. सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

जिच्या वाटची शाळा शिकला तो,
धाकटा


ता. १४ मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. पुडकं पोचलं, पण इथं वेगळाच घोळ. यंत्र नीट बसवलं नाही म्हणून मालकांनी फिटरला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तो पाने पुसून एकेक पेटीत भरत होता.

आता गपचूप पुसलं तर तो ठपका त्याच्या डोक्यावर राहणार. सांगितलं तर सगळे म्हणणार, हिने मुद्दाम केलं, डोळा फोडीन म्हणाली होतीच. माझ्या तोंडाने माझा घात केला. दिवसभर तुझं फडकं कमरेला खोचून फिरले. लोकांना वाटतं मला विचार करायला वेळ लागत नाही. लागतो.

सकाळी मालकांकडे जाते. मायेने आठवण काढ, तेवढं पुरे.

ताई


ता. २१ मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. सांगितलं मी. मालकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर. मग काय, व्हायचं तेच झालं. आमच्यातलीच एक, बटणांच्या छाटणीवरची, मोठ्याने म्हणाली की मुद्दामच केलं असणार. पेटी न्यायला आलेला फिटर माझ्याकडे बघेना. मालकांनी विचारलं की मुद्दाम केलं नाही कशावरून. 

तेवढ्यात भिंतीवर नजर गेली. तिथं त्यांच्या वडिलांचा फोटो आहे, कारखाना ज्यांनी उभा केला त्यांचा. त्याची काच बावीस वर्षं मीच पुसते, त्याच मेणाच्या फडक्याने; तीही काय मुद्दाम? मी न विचारता खुर्चीवर चढले, बाटलीतले थेंब टाकले आणि पुसायला लागले. आधी कॉलर दिसली, कॉलरला आमच्या कारखान्याचं बटण. मग हनुवटी, मिशा, मग डोळे. पाण्यातून माणूस वर यावा तसे म्हातारबाबा वर आले. 

मालक अगदी जवळ जाऊन उभे राहिले. म्हणाले की फोटो जुना होऊन विटला असं समजत होतो. या फोटोत बाबा हसतायत हे ठाऊकच नव्हतं.  मग मागे न वळताच फिटरला म्हणाले की पेटी उघड आणि कामाला लाग.

सासूचा डोळा फिटरने आणि मी मिळून पुसला. एकोणीसला कोटवाले आले. पट्टा दुपारपर्यंत पळाला. ती बघत होती आणि क्वचितच फुंकत होती. मी एका जागी उभी, पायांना मुंग्या. तिने फुंकलेली बटणं त्यांनी भिंग लावून पाहिली, राखलेलीही पाहिली, आणि वर्षाचं काम देऊन गेले. चौदाच्या चौदा जणी आहोत. कुणी पट्ट्यावर, कुणी पॅकिंगला. मी सासूशेजारी. जिथं ती अडते ते बटण पडद्यावर मोठं करून मला दाखवते; मी चांगलं की वाईट ते सांगते. फिटर म्हणतो, ती शिकते आहे. म्हटलं, शिकेल. तुलाही मीच शिकवलं.

काल परत डोळा लागला. पट्ट्यावर पडून चालले होते. तिने खाली बघितलं, नीट बघितलं आणि जाऊ दिलं.

एक राहिलं. मागे तुझ्याकडे आले होते तेव्हा तुमच्या लग्नाच्या फोटोची काच मीच पुसून गेले होते. आज ती धू. बघ तरी, नवरी हसत होती का.

पत्र पाठव, माया राख, आणि माझ्यावर हसायचं ते दुकान बंद करून हस.

तुझी ताई