कव्वालीची कोरी बाजू

उस्ताद,

तुमच्या कबरीजवळचा कडुनिंब आता माझ्या कवेत मावत नाही, इतकी वर्षं झाली. आज नातवानं ट्रंकेतून पुठ्ठ्याचं ते पुस्तक काढलं. आतल्या चारही तबकड्या धडधाकट आहेत. एकाच बेंजोवर भजन, लावणी, गोंधळ, पोवाडा, नाटकातलं पद, लग्नाचं गाणं, गोऱ्यांच्या पलटणीचा बँड. सात बाजू भरलेल्या, आठवी कोरी. पोरगं विचारतं, "आबा, हे काऊन रिकामी?" मी म्हटलं, मेण संपलं होतं. खोटं बोललो.

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा आणि तबकड्यांची कंपनी मुंबईहून यायची. खामगावच्या एका कापसाच्या जिनातली खोली त्यांनी घेतलेली, भिंतींना गोधड्या टांगलेल्या. तुम्ही बेंजोवर, तुमचे तीस वर्षांपासूनचे दोस्त, ज्यांना मी काका म्हणायचो, ते ढोलकीवर, आणि मागे मी, तुमचा विशीतला शागीर्द. कंपनीच्या साहेबानं बजावलं होतं, आवाज कोरून घेणाऱ्या मेणाच्या थाळीवर सुई फिरते तोवर कुणी हूं की चूं करायचं नाही. शेवटचं मेण तुम्ही कव्वालीसाठी राखलं होतं. बाकी सगळं लोकांसाठी, ही चीज तुमच्या वडिलांची. तुम्ही डोळे मिटले. आणि तो तिसरा अंतरा! काय सांगू, काळीज हललं हो. माझ्या तोंडून "वाह!" निघून गेलं.

तुमचा उजवा हात तारांवरून उठला आणि कपाळाला गेला. जाणारच! "दाद आली का सलाम झालाच पाहिजे बे, नाही तं ते वाजवणं कायचं?" हे तुम्हीच मला तुमच्या कल्हईच्या भट्टीवर भाता ओढता ओढता शिकवलेलं. एकदा मी विसरलो तर पाठीत धपाटाही घातलात. सुई फिरत राहिली, बेंजो गप्प. साहेबानं हात झटकले, मेण वाया गेलं.

तुम्ही डोळे उघडून थेट काकांकडे पाहिलं. बैठकीत वाहवा करायची खोड त्यांचीच ना!

"माह्या बापाची चीज होती. तुले तेवढंही राहवलं नाही?"

"आईची आन, मी नाही बोललो."

"खोटं तरी नको बोलू."

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी बेंजोच्या गवसणीची गाठ बांधत बसलो. त्यांना कळलं होतं, पण माझं नाव त्यांनी घेतलं नाही. महिन्याभरात ते डोणगावला लेकीकडे निघून गेले.

दर ईदला शीरखुर्म्याची पहिली वाटी त्यांची असायची. त्या ईदला तुम्ही ती दुपारपर्यंत झाकून ठेवलीत. मग म्हणालात, "खाऊन टाक बे, तो काही येत नाही." मी खाल्ली. लाज वाटते, पण गोड लागली होती. पुढे काका गेल्याची खबर आली, त्या दिवशी तुम्ही भट्टी पेटवली नाहीत. मी समोरच बसलो होतो. तेव्हाही बोलता आलं असतं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून तरी खरं लिहितो. भीती वाटली ती फक्त पहिल्या दिवशी, उस्ताद. आठवड्यानं तुम्ही ढोलकी माझ्यापुढे सरकवलीत आणि म्हणालात, "आता तूच बस माह्या बाजूले." मला ती जागा हवी होती.