विषम तारखेची संध्याकाळ

किनमेन बेट,
१२ एप्रिल १९६६

ती. युएग्वेताईस,
शिउलानचा सा. न. वि. वि.

लग्न होऊन इथे आले त्याला दोन महिने झाले, पण इथली भाषा अजून हाती लागत नाही. आपली हक्का बोली घरात कोणालाच येत नाही; ह्यांच्याशी शाळेत शिकलेल्या चिनीत कसंबसं भागतं. काल सासूबाईंकडे मीठ मागितलं, त्यांनी झाडू आणून दिला. मी निमूटपणे अंगण झाडलं. जेवण अळणीच झालं. हे बिचारे मुकाट जेवले.

एक गोष्ट मला उलगडत नव्हती. इथे लग्न, पाहुणे, बाजार सगळं सम तारखेला. विषम तारखेला दिवस कलला की सासूबाई मला दंडाला धरून ओढत नेतात. का ते आता कळलंय, पण टपालाच्या पत्रात लिहिता येत नाही.

तंबाखूची पानं वाळली का? बाबांना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
शिऊ

मेइनोंग, तैवान,
२६ एप्रिल १९६६

चि. सौ. शिउलान हिस अनेक आशीर्वाद.

झाडूचं वाचून पोट धरून हसले, आणि पुढच्या ओळींवर हसू गेलं. दंडाला धरून ओढतात म्हणजे काय गं? लिहिता येत नाही असं काय आहे? बाबांचं जेवणात लक्ष नाही. म्हणतात, पोरगी सुखात नसेल तर स्वतः जाऊन घेऊन येईन, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. बोटीच्या नुसत्या नावाने ज्यांना मळमळतं ते असं म्हणतायत, यावरून काय ते समज.

येतेस का, एवढं एका शब्दात कळव. तुझी वाट बघणारी,

ताई

किनमेन,
२० मे १९६६

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांच्या मावसभावाच्या हाती देतेय. इथलं लष्कर टपाल उघडून वाचतं, म्हणून आजवर गप्प होते. समोरच्या चिनी किनाऱ्यावरून दर विषम तारखेला संध्याकाळी तोफा उडतात. गोळ्यांत प्रचाराची पत्रकं असतात, पण लोखंड डोक्यात बसलं की माणूस जातोच. सासूबाई मला ओढत नेतात ते घराखालच्या तळघरात.

अकरा तारखेला डुकरीण विताना अडली. तिला सोडून माझं पाऊल निघेना. सासूबाई तळघरातून परत आल्या, लहानपणी बांधून चिमुकल्या केलेल्या त्या पावलांनी धावत. त्यांनी मला ढकललं आणि गोळ्याने भिंत कोसळली, ती त्यांच्या पायावर. मला खरचटलंही नाही. त्यांचं नडगीचं हाड मोडलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी मला शिव्या घातल्या. त्या मात्र सगळ्या कळल्या.

आता मीच त्यांना पाठीवर घेऊन खाली उतरते. काल तळघराच्या तोंडाशी त्यांनी मला थांबवलं आणि समोरच्या किनाऱ्याकडे बोट केलं. ह्यांनी मग सांगितलं, त्यांचं माहेर तिकडे आहे. सतरा वर्षांपूर्वी चीन आणि तैवान तुटले, तेव्हापासून तिकडून एक ओळ आलेली नाही. भाऊ आहेत की गेले, तेही ठाऊक नाही.

बाबांना सांग, मी येत नाही.

आज त्यांच्या उशाशी बसून तुझं पत्र मोठ्याने वाचलं. सगळा संशय त्यांच्यावरच होता, पण एक शब्द कळला नाही त्यांना. वाचून झाल्यावर त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, हलकेच घडी घातली, जरा वेळ छातीशी धरला. मग घडी उघडून माझ्यापुढे केला, पुन्हा वाच म्हणून.

तेव्हा लांबलचक लिहीत जा, आणि माया असू दे, आम्हा दोघींवर.

शिऊ