भोकं बुजवताना

३ फेब्रुवारी

आधी माफी. आई गेल्यापासून या वहीला हात लावला नव्हता. सुरुवातीला वेळ नव्हता, मग लिहावंसं वाटेना, आणि नंतर इतके दिवस उलटले की वहीकडे बघायचीच लाज वाटायला लागली. आज नव्या घरातला पहिला दिवस आहे. पुन्हा सुरुवात करायला निमित्त चांगलं आहे.

घर भाड्याचं असलं तरी तळमजल्यावर आहे, बाबांना जिना चढायला नको. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागच्या बाजूला खुर्ची टाकण्यापुरतं अंगण. ऊन थेट बाबांच्या पलंगावर येतं. आत पाऊल टाकल्या टाकल्या ते कान कमी असलेल्या माणसाच्या आवाजात ओरडले, घर झकास आहे, पण भिंतींना देवी येऊन गेलेल्या दिसतात. खरंच तसं आहे. आधीच्या भाडेकरूनं जिथं तिथं खिळे ठोकले होते. मी पक्कड घेऊन सगळे उपटले आणि आता भोकंच भोकं उरली आहेत. रंगारी बोलावणार नाही. पुस्तकांची मुद्रितं तपासून मिळतं त्यात सगळं हौसेनंच करायला हवं, आणि हौस आहेही.

दादाचा फोन आला. त्याच्या गावातल्या वृद्धाश्रमात बाबांसाठी खाट धरून ठेवली आहे, हे त्यानं पुन्हा ऐकवलं. तुझा हट्ट म्हणून महिनाभर बघू, म्हणाला, पण ते एकदा जरी पडले, काही विसरायला लागले, तर मी येऊन घेऊन जाईन. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

६ फेब्रुवारी

दुकानातली पुट्टी वाळली की आक्रसते आणि भोकाभोवती चीर पडते. दोनदा भरली, दोनदा तेच. मग माळ्यावर आधीच्या कुणाचा तरी एक डबा सापडला. वर नाव नाही, अर्धा भरलेला, आणि आतली लांबी इतक्या वर्षांनंतरही लोण्यासारखी मऊ. (पुट्टीला बाबा लांबीच म्हणतात.) परक्याची वस्तू वापरावी की नाही, यावर मी उगाच थोडा वेळ घातला. चांगला माल टाकून देणं जिवावर आलं, हे खरं कारण.

बाबांनी लांबी भरायचा पत्रा घेऊ दिला नाही. पत्र्याला अक्कल नसते, अंगठ्याला असते, म्हणाले. मग खुर्चीवर बसून हाताला येतील ती सगळी भोकं त्यांनी अंगठ्यानं बुजवली, वरची मी बुजवली. मधेच ते सवयीप्रमाणे कानात बोट घालून खाजवत होते. मी ओरडले, हात तरी धुवा! कानाचं यंत्र घरात लावायचा त्यांना कंटाळा, त्यामुळे अर्थातच ऐकू आलं नाही.

भिंत सुरेख झाली. काचकागद फिरवायचीही गरज पडली नाही. वाळल्यावर भोक कुठं होतं ते बोटांनाही सापडत नाही. रंगसुद्धा भिंतीचाच आला आहे. हे कसं ते कळलं नाही, पण तक्रार कशाला करायची?

९ फेब्रुवारी

न्हाणीघरात बाबांना धरायला स्टीलचा दांडा बसवायचा म्हणून ड्रिल आणलं. टाइल न तडकवता भोकं पाडली, स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. स्क्रू आखूड निघाले, ते उद्या बदलून आणेन.

१० फेब्रुवारी

भोकं नाहीत.

मी चुकीच्या भिंतीकडे बघते आहे असं आधी वाटलं. पण न्हाणीघराला अशी एकच भिंत आहे. टाइल अखंड आहे, खाली मी न पुसलेला चुरा तसाच पडला आहे.

बाबांना कागदावर लिहून विचारलं, तुम्ही बुजवलीत का? ते दुखावले. मला काय खुळ लागलंय का, म्हणाले. मग, मी बुजवली असती तर मला आठवलं नसतं का गं? हा प्रश्न त्यांनी मलाच विचारला. तो मनातून जात नाही. दादाला काही सांगितलं नाही. हे लपवणं झालं का? झालं.

११ फेब्रुवारी

बाबांवर संशय घेतला याची आज लाज वाटते. घरमालकीण काकू शेजारीच राहतात, त्यांच्याकडे दुसरी किल्ली असते, आणि भाडं ठरवताना भिंतीला नवीन भोकं पाडायची नाहीत असं त्यांनी बजावलं होतं. मी आडून आडून विचारलं. काकू फिस्सकन हसल्या. माझे गुडघे बघा आणि मग बोला, म्हणाल्या, मी तुमच्या न्हाणीत उकिडवी बसून लांबी भरणार? आधीच्या भाडेकरूचं विचारलं तर म्हणाल्या, शांत माणूस. शेवटी शेवटी तर तोंडातून शब्द काढायचा नाही. किल्लीही न देता गेला.

हसताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. की मलाच तसं वाटलं?

१३ फेब्रुवारी

बाहेरून आले तर किल्ली कुलपात जाईना. वाकून पाहिलं. किल्लीचं भोक बुजलं आहे, पितळेचं पितळ, सपाट. बाबांनी आतून कडी काढली म्हणून आत आले. काकूंना यायचं असतं तर त्यांनी स्वतःचीच वाट का बंद केली असती? म्हणजे त्या नाहीत. म्हणजे पुन्हा बाबा. किंवा मी.

मागच्या खोलीतल्या बेसिनचं पाणी जाण्याचं भोकही नाही. ते बेसिन आम्ही वापरत नाही. स्वयंपाकघरातलं, रोज वापरातलं, ठीक आहे.

माळ्यावरून तो डबा काढला. अर्धा होता. आता काठोकाठ भरला आहे. कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत टाकून आले आणि हात साबणानं तीन-तीनदा धुतले.

१४ फेब्रुवारी

स्वतःची परीक्षा घ्यायची ठरवलं. भरदुपारी, बाबा झोपलेले, माझ्या खोलीच्या भिंतीला ड्रिलनं एक भोक पाडलं, त्यात काडेपेटीतली काडी खोवली. दार बंद करून त्याला पाठ टेकून चहा प्यायले. आत कुणीही गेलं नाही. मीही नाही.

काडी जमिनीवर पडली होती. भिंत गुळगुळीत.

म्हणजे बाबा हे करत नाहीत! आनंदानं रडू आलं. मग कळलं की यात आनंदासारखं काही नाही.

१५ फेब्रुवारी

सकाळी बाबांचं कानाचं यंत्र कानात बसेना. त्यांच्या कानाच्या मापानं केलेलं आहे, वर्षानुवर्षं बसत आलं आहे. आज घसरून हातात येत होतं. बाबा म्हणाले, यंत्र सुजलं असेल.

कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं, मग दुसऱ्या कानात पाहिलं, मग सहायकाला बोलावलं. मळ नाही, सूज नाही, जखम नाही. मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, यांना जन्मापासूनच कानाची भोकं नाहीत का?

कालपर्यंत होती, म्हटलं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्या नजरेनं मी चार दिवस बाबांकडे बघत होते. मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली, सोमवारची.

रिक्षात बाबा म्हणाले, बरं झालं, दादाची भाषणं ऐकायची वाचली.

१६ फेब्रुवारी

सोमवारपर्यंत थांबायचं नाही. आजच सामान भरून निघायचं, कुठंही.

दार उघडत नाही. कडी निघते, पण दार आणि चौकट यांच्यात फट उरलेली नाही. नख जात नाही. हातोडी मारली, भिंतीवर मारल्यासारखा आवाज आला. अंगणाच्या दाराचंही तेच, आणि खिडक्यांना गज आहेत. काकूंना हाका मारल्या. भिंतीपलीकडे त्यांच्या चपला वाजल्या, आमच्याजवळ आल्या, थांबल्या आणि परत गेल्या. ऐकू गेलं नाही? की गेलं?

फोनला चार्जर लागत नाही. भोक नाही. थोडी बॅटरी आहे. दादाला लिहिलं : लगेच ये. दार तोडायला माणसं आण. बाबांना घेऊन जा. वृद्धाश्रम चालेल.

एका दमात लिहून पाठवलं. इथून बाहेर जाऊ देत, कुठंही जाऊ देत.

१७ फेब्रुवारी, बहुतेक

खिडकी होती तिथं हात फिरवला. भिंत. दिवा चालू आहे म्हणून दिसतंय.

एक लक्षात आलंय. वापरातलं बुजत नाही. नळ वाहता ठेवलाय, तो वाहतोय. जे थांबतं ते —

बाबांना सर्दी आहे. नाक चोंदलेलं, तोंडानं श्वास घेतात. झोपेतून उठले तर उजव्या नाकपुडीत — माझं बोट टेकलं. आत गेलं नाही. थंड. कातडीच, पण —

सुई घ्यावी का? नाही. दुखेल. नाही.

नंतर

डावीही.

बाबांना बोलतं ठेवायचं. मी कागदावर प्रश्न लिहिते, ते सांगतात. शाळेतल्या मास्तरांच्या नकला. आई पहिल्यांदा भेटली तेव्हा चप्पल तुटली होती ती गोष्ट. मी लिहिते : पुढे? ते सांगतात. धाप लागते, तरी सांगतात. कशासाठी ते त्यांना कळलंय. मला म्हणाले, रडू नकोस, अजून पुष्कळ गोष्टी आहेत.

नंतर

दादाचा फोन. आपणहून. ऐकू येत होतं स्पष्ट — हॅलो, अगं हॅलो, निघालोय, सकाळी पोचतो. बोल ना. रुसलीस काय? बाबा कसे आहेत? अगं बोल की!

मी सगळं सांगितलं. त्याला काहीच गेलं नाही. हॅलो हॅलो करत राहिला. मग बॅटरी संपली.

फोनच्या माइकचं भोक बुजलं असणार, असं मी मनाशी म्हटलं.

मनाशीच म्हटलं.

काकूंना हाका मारल्या, त्यानंतर मी — बाबांना ऐकू येत नाही म्हणून सगळं लिहूनच — एकदाही तोंड —

बाबा गोष्ट सांगता सांगता थांबलेत. माझ्या तोंडाकडे बघताहेत. नका थांबू. लिहून दाखवते : पुढे? पुढे?

ते बोलत नाहीत. बघताहेत.

उद्याचं काम एकच : दादा दाराशी आला की त्याला आतून मोठ्यानं हाक