पोहण्याच्या रकान्यातली टिक

२ मे २०१९
जावयाचा फोन. जूनमध्ये ग्रीस. आठवडाभर यॉट भाड्याने, सोबत कप्तान आणि स्वयंपाकी. लेक, जावई, मंदाकिनी आणि मी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मंदाकिनी आज पहिल्यांदा मोकळं हसली. मीही हसलो. समुद्र मला नवा नाही. चौपाटी पाहिली आहे.

४ मे
पाहुण्यांसाठी सूचना आल्या. बारा पानं. कडक सूटकेस आणू नये, ठेवायला जागा नसते; घडी होणारी बॅग आणावी. बोटीवर अनवाणी फिरावं. पाणी जपून वापरावं. संडासात कागद टाकू नये. कुठे जायचं ते हवामान पाहून कप्तान ठरवेल, त्याचा शब्द शेवटचा. पुणेकराला पाणी जपायला ग्रीसहून शिकवतायत. असो.
सोबत प्रत्येकाला वेगळा फॉर्म. काय खाता, बुटाचा नंबर किती. शेवटी: पोहता येतं का? अजिबात नाही / थोडंफार / उत्तम. जावई व्हिडिओ कॉलवर होता. म्हणाला, बाबांना काय विचारायचं, लकडी पूल! 'उत्तम'वर टिक केली.

४ मे, दुपारी चार
रोजनिशीत खरं लिहावं. १९७४ च्या पुरात लकडी पुलावरून नदीत उडी मारली ती माझ्या मित्राने, दीनानाथने. मी त्याचे कपडे सांभाळले. लग्न ठरताना मंदाकिनीला सांगताना उडी मारणारा बदलला, एवढंच. कपडे सांभाळणाराही भागीदार असतोच. सदतीस वर्षं तो पराक्रम घरात माझ्या नावावर आहे.
संकल्प: महिन्याभरात पोहायला शिकणे. त्यात अवघड काय?

७ मे
विश्रांतवाडीच्या तलावावर नाव घातलं. घराजवळ वारज्यातही शिकवतात, पण तिथे ओळखीचे भेटतात. दोन बस बदलाव्या लागतात. घरी सांगितलं, ज्येष्ठ नागरिक संघाच्या मीटिंगा आहेत. मंदाकिनीने विचारलं, रोज? म्हटलं, निवडणूक आहे.
कोच हुसेन, वय सव्विसेक. म्हणाला, काका, आधी पाण्यात तोंड घालून श्वास सोडा. मी म्हटलं, थिअरी राहू दे, थेट हातपाय घेऊ. घेतले. चार फूट पाण्यातून त्याने मला दंडाला धरून काढलं.

११ मे
बादलीत तोंड घालून सराव. मंदाकिनी दारात. सायनस, म्हटलं.

१६ मे
तरंगलो! अंदाजे पाच सेकंद. हुसेनचं म्हणणं, माझा एक पाय तळाला टेकलेला होता. या पिढीला कौतुक जमत नाही.
बॅगेत कोरडा टॉवेल आणि कानात घालायचे थेंब निघाले. मीच ठेवले असणार. वयाच्या मानाने स्मरणशक्ती बरी, पण अशी मधेच दगा देते.

२१ मे
प्लॅन बी. कान दुखतात म्हणून डॉक्टरांकडे गेलो. पोहू नये अशी चिठ्ठी मिळाली की झालं. डॉक्टर म्हणाले, तुमचे कान तिशीतल्या माणसाचे आहेत.
मग ठरवलं, ट्रिपच रद्द करू असं सांगायचं. घरी आलो तर मंदाकिनी पलंगावर कपड्यांच्या वळकट्या करून नव्या बॅगेत भरत होती. गुणगुणत होती. वर्षभरात ऐकलं नव्हतं. मीही एक शर्ट वळायला घेतला.

२७ मे
मला भीती वाटते. पाण्याची वाटतेच, पण जावयासमोर मंदाकिनीला मान खाली घालावी लागेल, त्याची जास्त. जेवण जात नाही.
हुसेनला विचारलं, दहा दिवसांत होईल का. तो म्हणाला, "काका, आधी घाबरलोय असं म्हणा. तेवढं म्हटलं की अंग सैल सुटतं."
मी म्हटलं, मी घाबरलेलो नाही. मग काठाचा दांडा धरून अर्धा तास तिथेच उभा राहिलो.

८ जून, बोट
कप्तानाने जाहीर केलं: लाइफ जॅकेट सक्तीचं आहे, नियम आहे. देवा, सुटलो. तत्त्व म्हणून थोडा वाद घातला, मग घातलं. त्याचा शब्द शेवटचा. अनुभवी माणूस कसा मार्ग काढतो!

९ जून, सकाळी अकरा
एका खाडीत नांगर टाकला. लेक आणि जावई उडी मारून गेले. जॅकेट नाही. कप्तान काही बोलला नाही. जावयाचा चष्मा, लेकीचं घड्याळ, दोघांचे कपडे माझ्या मांडीवर.
मग मंदाकिनी बांगड्या माझ्या हातात देऊन शिडीने उतरली. मी ओरडणार, तोवर ती संथ हात मारत पार पुढे गेली होती. तिचं माहेर सांगलीचं. घर कृष्णेच्या घाटाला लागून. हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे. पुढचं मी कधी विचारलंच नाही. आणि पाण्याच्या जवळपासही तिला कधी नेलं नाही.

साडेअकरा
सरबत मागायला खाली गेलो. स्वयंपाकघरात कपाटाच्या दारावर चौघांचे फॉर्म चिकटवलेले. मंदाकिनीचा वाचला. पोहणे: उत्तम. खाली, नवऱ्याविषयी, तिच्या शाळामास्तरी इंग्रजीत लिहिलेलं, की यांना अजिबात पोहता येत नाही. हे उत्तम म्हणतील. जॅकेटचा नियम सगळ्यांना आहे असं सांगावं. यांच्या मित्राने आमच्या लग्नाच्या पंगतीतच मला सगळं सांगितलं होतं. कपडे मात्र हे फार नीट सांभाळतात.

बारा
मंदाकिनी शिडीपाशी आली. म्हणाली, "अहो, टॉवेल."
दिला.